झडप एक बोटावर

३ नोव्हेंबर

…त्या सकाळीही मी आधी राखच काढली होती. शेगडीची जाळी तीनदा हलवली, खालचा खण ओढला, राख चाळली. अर्धवट जळलेले खडे वेगळे ठेवले, ते पुन्हा जळतात. मग बादली वजनकाट्याच्या हुकाला अडकवून कोळसा तोलला, वहीत आकडा लिहिला, दूध तापवलं, ह्यांचा मफलर गरम व्हायला शेगडीच्या कठड्यावर टाकला, पिशवी उचलली आणि बाजारात गेले. रोजच्यासारखीच सकाळ. गेल्या दहा महिन्यांत ती मला इतक्या वेळा आठवली आहे की आता पाठ झाली आहे.

आज पुन्हा आठवली, कारण वन्सांच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि पहिली नजर गेली ती शेगडीवर. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, छाती जुनाट बिघडलेली, जीभ मात्र ठणठणीत. त्यांचंच पत्र आलं होतं की तू तिथे एकटी, मी इथे एकटी, दोन घरांत दोन शेगड्या कशाला पेटवायच्या? मला ते वाक्य आवडलं. दुसऱ्या कुणी सांत्वन केलं असतं, वन्सांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

घर चढावरच्या गल्लीत आहे. तीन खोल्या एकापुढे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. मधल्या खोलीत शेगडी, वन्सांची खुर्ची आणि पलंग. कोळसा तळघरात, अकरा पायऱ्या उतरून. शेगडी बिडाची, माझ्या छातीइतकी उंच, पुढच्या दारावर काच होती तिथे आता पत्रा. वर्षानुवर्षं कुणी तिला नीट हात लावलेला दिसत नाही. वन्सं म्हणाल्या की ही बया दोघांचं जेवते आणि ऊब देते अर्ध्या माणसाची, माझ्या सासूसारखी. मी खूप दिवसांनी हसले.

डॉक्टरांनी बजावलं आहे म्हणे, खोली उबदार राहिलीच पाहिजे. थंडी छातीत उतरली तर हा हिवाळा निभणार नाही. वन्सांनी हे हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, तू शेगडीत हुशार आहेस असं ऐकलंय. माझ्या भावानं पत्रात लिहिलं होतं.

मी मान हलवली आणि सामान लावायला घेतलं. कपडे, पुस्तकं, दोन वह्या. एक कोळशाची, एक ही.

५ नोव्हेंबर

काल आणि आज शेगडी उघडून बसले. हात कोपरापर्यंत काळे, पण मन हलकं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं आणि मग वाचनालयात. तिथे मला एकदा घरगुती शेगड्यांवरचं एक जाडं पुस्तक मिळालं. बायका कादंबऱ्या नेत, मी ते नेलं. सहा वेळा नेलं. शेवटी ग्रंथपाल म्हणाला की बाई, आता तुम्हीच एक लिहा.

तर आजचं काम. धुरांड्याच्या नळीत नखाएवढ्या जाडीची काजळी होती. ती म्हणजे शेगडीने आतून घातलेला स्वेटरच, उष्णता बाहेर कशी येणार? खरवडली तेव्हा पावणेदोन बादल्या निघाली. दाराच्या कडेची दोरी जळून गेली होती, नवी बसवली. मग मेणबत्ती पेटवून सांध्यासांध्याजवळून फिरवली. ज्योत जिथे आत ओढली गेली तिथे फट आहे असं समजायचं. सात फटी सापडल्या, माती लिंपून बुजवल्या.

राहिली झडप. नळीत आडवी सरकणारी लोखंडी पट्टी असते, तिला मी झडप म्हणते. बाहेर ओढली की धुराला वाट मोकळी, पण ऊबही त्याच वाटेने पळते. आत ढकलली की ऊब घरात राहते आणि कोळसा निम्म्याने पुरतो. पण मग धुराचं जे दिसत नाही, ज्याला वास नाही, तेही घरातच राहतं. किती उघडी ठेवायची ते मी बोटांनी मापते. पुस्तकात लिहिलं होतं की तीन बोटांच्या खाली कधीही नाही. ते वाक्य तेव्हाही मी वाचलं होतं.

पट्टीवर तीन बोटांच्या जागी खडूने रेघ मारली.

पहिल्या दिवसाची नोंद: कोळसा साडेतेरा किलो. खोली दुपारी सोळा अंश. वन्सं म्हणाल्या, तेरा काय नि चौदा काय, तू शेगडीचं बारसं करतेयस की काय?

१२ नोव्हेंबर

वही बघून समाधान वाटतं. साडेतेरा, बारा, अकरा दोनशे, नऊ आठशे, नऊ. खोली एकोणीस अंशांच्या खाली उतरत नाही. मोठी ढेकळं फोडून मुठीएवढी करायची, एकदम ओतायची नाहीत, निखाऱ्यांच्या एका बाजूला रचायची म्हणजे धूरही जळतो. एवढंच तर आहे. पण कुणी सांगितलं नाही तर आयुष्यभर कळत नाही.

वखारवाला आठवड्याची पोती टाकायला आला. मी म्हटलं, या खेपेला दोन पोती कमी. तो पोत्यावरच बसला. बाई, म्हणाला, माझ्या पोटावर पाय देऊ नका, पाय द्यायला दुसरी पुष्कळ पोटं आहेत गल्लीत. मग कोळशाची वही मागून बघितली, बोट लावून आकडे वाचले आणि वन्सांना म्हणाला की आजी, ही बाई कोळसा जाळत नाही, त्याची समजूत घालते. वन्सं हसल्या आणि त्यांना खोकला आला. मी पाठ चोळत होते तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

हे असते तर. संध्याकाळी कामावरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, काय इंजिनबाई, आज किती? मी आकडा सांगायचे. ते टोपी काढून सलाम ठोकायचे. आमच्या घरात फारसे सोहळे नव्हते. हा एक होता.

१९ नोव्हेंबर

दहा वाजता बाजारातून आले. खोली छान गरम, वन्सं खुर्चीत डोळे मिटून. पिशवी ठेवली आणि सहज वर पाहिलं. झडप एक बोटावर.

मी धावत जाऊन ओढली. खिडकी उघडली. वन्सं जाग्या झाल्या आणि म्हणाल्या की काय गं, गारठा कशाला आत घेतेस, किती छान डोळा लागला होता.

मीच विसरले असेन. जाताना राख हलवली तेव्हा कोपर लागलं असेल. पण पट्टी घट्ट आहे, कोपराने सरकायची नाही.

आठ किलो दोनशे.

२२ नोव्हेंबर

काल पुन्हा. आज पुन्हा. दोन्ही वेळा मी बाजारातून परत आले तेव्हा. दोन्ही वेळा एक बोट, ना कमी ना जास्त.

ह्या वहीत मी सगळं लिहिते आणि एक गोष्ट लिहीत नाही. आज लिहिते.

त्या सकाळी कोळसा तोलला तेव्हा सहा किलो भरला. त्याच्या आदल्या दिवशीही सहा, त्याच्या आदल्याही. माझ्या मनाने घेतलं होतं की पाचावर काहीतरी आलं पाहिजे. आम्हाला कोळशाची टंचाई नव्हती. कुणी मागितलं नव्हतं. मला फक्त आकडा हवा होता. हे सर्दीने घरी होते, शेगडीजवळ खुर्चीत. मी बादलीतून तीन ढेकळं परत काढली, पाच किलो शंभर केले, आणि ऊब कमी पडू नये म्हणून झडप एक बोटावर ढकलली. पुस्तकातलं वाक्य मला आठवत होतं. मी म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

बाजारातून येताना वाचनालयात शिरले. नवी पुस्तकं आली होती. दोन तास झाले.

आले तेव्हा हे खुर्चीत तसेच होते. गाल लालसर, खेळून आलेल्या पोरासारखे. मी आधी झडप उघडली. मग खिडकी. मग थोडा वेळ उभी राहिले, वारा आत येऊ दिला. आणि मग डॉक्टरांना बोलवायला गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी मान हलवली. शेजारणी म्हणाल्या, चेहरा किती टवटवीत आहे, पुण्यवान माणूस. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वहीतला सहाचा आकडा खोडून नीट लिहिला. पाच किलो शंभर. का लिहिला ते मला अजून कळलेलं नाही.

२५ नोव्हेंबर

काल आणि आजही. आता बाजारात गेले नव्हते. तळघरात गेले होते, अकरा पायऱ्या उतरून अकरा चढून आले, तेवढ्यात.

धुरांडी साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने गच्चीवर चढून साखळी सोडली, खाली येऊन नळी ठोकून पाहिली. नळी आरशासारखी आहे म्हणाला. पट्टी ओढायला त्याला जोर लावावा लागला. वाऱ्याने किंवा तापून ही आपोआप सरकेल का, असं मी विचारलं. त्याने हात पुसत पुसत वन्सांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला की ताई, लोखंडाला पाय नसतात.

वन्सांना डोकं दुखतं. गाल लाल दिसतात, धूर कोंडल्यावर होतात असं पुस्तकात होतं तसे. मी आरसा दाखवला तर म्हणाल्या, बघ, म्हातारपणी रंग उजळला.

आता मी पट्टी तारेने बांधून ठेवली आहे.

सात किलो. मी कमी घालत नाही. जेवढा लागतो तेवढाच घालते. शेगडीला लागतच नाही.

२७ नोव्हेंबर

तार सुटलेली होती. नीट गुंडाळून कठड्यावर ठेवलेली.

मी माझे हात पाहिले. स्वच्छ होते. मग वन्सांची काठी पाहिली, खुर्चीला टेकवलेली. मुठीच्या वाकड्या टोकावर काजळी.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या की बस. मी बसले. त्यांनी उशीखालून पाकीट काढलं. ह्यांचं अक्षर. जायच्या चार दिवस आधीचं पत्र. वन्सांनी मोठ्याने वाचलं नाही, मला दिलं. लिहिलं होतं की हिचा आकडा आता सहाच्या खाली उतरणार, घरात परीक्षेचं वातावरण आहे. दुपारचं डोकं जरा जड होतं शेगडीमुळे, पण हिला सांगत नाही. फार दिवसांनी इतकी खूश आहे, हिचा उत्साह मोडेल.

मी ते पाच-सहा वेळा वाचलं.

वन्सं म्हणाल्या की पत्र मिळालं आणि मागोमाग तो गेल्याची तार मिळाली, मला काय समजायचं ते मी समजले. तुला बोलावलं ते त्याचसाठी. दिवसा तू बाहेर गेलीस की काठीने पट्टी रेटेल तेवढी ढकलायची आणि बसून राहायचं. मला बघायचं होतं तू काय करतेस. बघून न बघितल्यासारखं करतेस की उघडतेस.

मी विचारलं, तुम्ही स्वतः आत बसून?

त्या म्हणाल्या, नाहीतर कळणार कसं? तू तिन्ही वेळा धावत येऊन उघडलीस. तेव्हाच मी सोडून दिलं.

मग मीही सगळं सांगितलं. तीन ढेकळं, एक बोट, वाचनालय. आधी खिडकी आणि मग डॉक्टर, हेही. दहा महिन्यांत पहिल्यांदा तोंडाने. वन्सांनी पत्र परत घेऊन पाकिटात घातलं. मग म्हणाल्या की चहा टाक, माझ्यात रडायला दम नाही आणि तुला आता रडायला वेळ नाही, स्वयंपाक व्हायचाय.

मी उठले. चुलीकडे जाता जाता त्यांचं बोलणं डोक्यात पोचलं. तीन वेळा. माझ्या वहीत झडप सहा वेळा आहे.

मी विचारलं. वन्सं म्हणाल्या, तीनच. बाजारच्या तीन दिवशी. नंतर मी काठी लावलेली नाही. काजळी तेव्हाचीच, पुसायची राहिली. तार कसली?

त्यांना वाटत होतं नंतर मी करतेय.

२८ नोव्हेंबर

सकाळपासून दोघी समोरासमोर. मी स्टुलावर, वन्सं खुर्चीत, मध्ये शेगडी. वन्सांनी काठी माझ्याकडे दिली आहे. मी माझे हात मांडीवर ठेवले आहेत, त्यांना दिसतील असे. लग्नाला आलेल्या दोन परक्या बायकांसारख्या बसलो होतो.

साडेअकराला पट्टी सरकली. आमच्या डोळ्यांदेखत. सावकाश, जपून, कुणाची झोप मोडू नये अशी.

एक बोट उरलं तिथे थांबली.

मी ओढली. हाताला पट्टी गरम लागली, पण कडेचा दांडा मात्र जास्तच उबदार, कुणीतरी नुकताच धरून सोडल्यासारखा.

पाच किलो सहाशे.

३० नोव्हेंबर

वन्सांना दुसरीकडे हलवायचं म्हटलं. बाहेर पिंपातलं पाणी गोठलंय. पुढच्या खोलीत चार अंश. तिथे तासभर ठेवलं तर ओठ निळे झाले, परत आणावं लागलं. म्हणाल्या, बाहेर ठेवलंस तर गारठ्यानं मरेन, आत ठेवलंस तर उबेनं. त्यातल्या त्यात ऊब बरी.

डॉक्टर येऊन गेले. नाडी पाहिली. म्हणाले की खोली उत्तम ठेवली आहे, आणि रंग बघा किती छान आलाय. मी ओरडले. तो रंग छान नाही, म्हटलं. ते बॅग उचलून म्हणाले की तुम्ही जरा विश्रांती घ्या, गरज पडली तर दवाखान्यात खाट आहे. वन्सांनी हात झटकला.

चार किलो तीनशे.

१ डिसेंबर

लोहाराला आणलं. पट्टी पूर्ण काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, अहो, मग कोळसा कागदासारखा जळेल, वीस किलोलाही पुरायचा नाही. मी म्हटलं, जळू दे. वीस जळू दे, चाळीस जळू दे. त्याने काढली, फट लिंपली, पट्टी बरोबर नेली.

पहिल्यांदा मला जास्तीचा आकडा हवा आहे.

२ डिसेंबर

तीन किलो शंभर.

झडप नाही. वाट मोकळी आहे. आग भडकायला हवी. ती शांत आहे, लाल, हुशार. मी वरून बादली ओतली. ढेकळं काळीच राहिली. खालचे निखारे तसेच. ओल्या गोवऱ्या असाव्यात तशी त्यांना आच लागत नाही. आणि खोली बावीस अंश.

सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर झाड हलतंय. चौकटीत मेणबत्ती धरली. ज्योत काडीसारखी सरळ.

माझंही डोकं जड.

३ डिसेंबर

दुपारी वन्सं झोपेत. मी पाणी पाजायला वाकले. डोळे मिटलेलेच, आणि त्यांच्याच आवाजात —

काय इंजिनबाई, आज किती?

पत्र काढलं. ओळन् ओळ पाहिली. ते नाव त्यात नाही. मी वन्सांना कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

थोड्या वेळाने जाग्या झाल्या तेव्हा विचारलं. म्हणाल्या, तो होता ना इथे. खुर्चीमागे. फार आनंदात होता. म्हणाला, ताई, तिला सांगू नकोस, तीनावर आणलंय, आता दोनावर आणतो. तिला बरं वाटेल.

संध्याकाळ

मला वाटत होतं राग असेल. राग असता तर बरं होतं, रागाला हात जोडता आले असते. हा राग नाही. हे मदत करताहेत.

त्यांना ठाऊकच नाही. डोळा लागला आणि — त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी डॉक्टरांपुढे मान हलवली, शेजारणींपुढे मान हलवली. वन्सांना सांगितलं. ह्यांना नाही. त्यांच्या लेखी अजून तीच सकाळ, मी बाजारात गेलेली, आकडा उतरायचा राहिलेला —

४ डिसेंबर

कोळशाची वही फाडली. पानं शेगडीत घातली. जळली नाहीत.

मोठ्याने म्हटलं, मला आता कमी नको. अहो, ऐका, मला कमी नको. वन्सं झोपेत हसल्या. हसणं त्यांचं नव्हतं. मी लाजून नको म्हणायचे तेव्हा हे असेच हसायचे.

दीड किलो.

वन्सं हाकेला ओ देत नाहीत. श्वास आहे. गाल —

एवढं पुरणार नाही. नको म्हणून भागायचं नाही. का नको ते सांगावं लागेल. ते ऐकल्यावर ह्यांचा चेहरा — मला बघवणार नाही म्हणून तर —

वन्सं इथे असताना नाही. आधी त्या बाहेर.

५ डिसेंबर

आज उजाडताच वखारवाल्याला बोलावून आणलं. तो कोळशाची गाडी रिकामी करून आला. दाराशी थबकला, म्हणाला, बाई, बादलीत कोळसा भरलेलाच आहे की, मग एवढी ऊब कसली? मी म्हटलं, आधी आजींना घ्या. चार गोधड्यांत गुंडाळलं, त्याने लेकराला उचलावं तसं उचललं. थंड हवा लागली आणि वन्सांनी डोळे उघडले. तुझं काय, असं विचारलं. मी सांगितलं, मागोमाग येते. काठी त्यांच्या हातात दिली. दवाखान्यात नेऊन खाटेवर घातल्याचा निरोप दहा वाजता आला. जिवाला धोका नाही म्हणे.

मग मी आत आले. कोळसा घातला नाही. खोली चोवीस अंश. खिडक्या लावल्या, कारण उघड्यावर ह्यांना कधी नीट ऐकू यायचं नाही. स्टूल ओढून, ही वही मांडीवर घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसले. डोकं जड आहे, अक्षर तिरकं जातंय. खुर्चीच्या पाठीवरचं कापड जरासं दबलं. मी म्हटलं, अहो, आज आकडा विचारू नका, मला आधी सांगायचंय. आणि मी सांगायला लागले, बादलीतून ढेकळं काढली तिथपासून, ते ऐकताहेत, आणि मी झडपेपर्यंत आले आणि